टायमिंग बेल्ट: एका प्रश्नाची दोन उत्तरं

गाडी विकणाऱ्याला मी एकच प्रश्न दोनदा विचारला होता, टायमिंग बेल्टचा, म्हणजे इंजिनातले भाग एका मेळात फिरवणाऱ्या रबरी पट्ट्याचा. पहिल्यांदा गाडी बघायला गेले तेव्हा विचारलं, “टायमिंग बेल्ट बदललाय का?” तो म्हणाला, “कवाच बदललाय ताई, बिनधास्त राहा.” आठ दिवसांनी टोकन द्यायला गेले, तेव्हा काउंटरवर दुसरा माणूस होता. त्यालाही तेच विचारलं. त्यानं मीटरकडे बोट दाखवलं. “बेल्ट एक लाखाला असतोय. गाडी 96,000 चाललीय. अजून चार हजार हायती की तुमच्याकडं.”

टोकन देऊन घरी निघाले आणि वाटेत सिग्नलला थांबल्यावर ते डोक्यात आलं. एक लाखाला बदलायचा बेल्ट 96,000 च्या आत कुणी कशाला बदलेल? आणि खरंच बदललेला असेल, तर ‘अजून चार हजार’ हा हिशेब कुठून आला? दोघांपैकी एकाला माहीत नव्हतं, किंवा दोघांनाही नव्हतं.

गाडी म्हणजे 2013 ची इनोव्हा, अडीच लिटर डिझेल. घरात माणसं सात, त्यात आजीचे गुडघे धरलेले. गणपतीला आम्ही सगळे आईच्या माहेरी जातो, पाचलजवळ, म्हणजे कोल्हापुरातून अणुस्कुरा घाट उतरून. आजवर दोन गाड्या काढायला लागायच्या. जुलै 2023 मध्ये गाडी घरी आली, नावावर व्हायचे कागद आरटीओत गेले, आणि मी पहिल्यांदा तिचा इतिहास शोधायला बसले. खरं तर हे टोकनच्या आधी करायला हवं होतं.

शोधायला फार काही लागलं नाही. मीटर 96,000 म्हणत होतं, पण ब्रेकच्या पॅडलवरचं रबर एका कडेला पार गुळगुळीत झालं होतं. स्टिअरिंगवर हात जिथं राहतो तिथं चकाकी आली होती. ड्रायव्हरच्या सीटचा डावा काठ बसला होता, बाकीच्या सीट मात्र उभ्या. आप्पा तीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. त्यांनी सीटवर बसून क्लच दोनदा दाबला आणि म्हणाले, “ही गाडी दीड लाखाच्या पुढं गेलेली हाय.” मग मी आरसी घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेले. चेसिस नंबरवरून त्यांनी नोंदी काढून दाखवल्या. 2016 पर्यंत सगळं वेळच्या वेळी, शेवटची नोंद 78,000 ला. त्यानंतर काहीच नाही. आणि मग 2019 ची एकच नोंद, एसीच्या कामाची. त्या दिवशी मीटर होतं 1,43,000.

मी तो आकडा पुन्हा वाचून घेतला. 2019 ला 1,43,000 आणि 2023 ला 96,000. बेल्ट बदलल्याची नोंद कुठंच नव्हती, पण मधली तीन वर्षं आणि नंतरची चार वर्षं गाडी कुठं गेली, कुणी काय केलं, हे त्या कॉम्प्युटरला ठाऊक असण्याचं कारणच नव्हतं. विक्रेत्याला फोन केला. “आम्ही आली तशी घेतली, मीटरचं आम्हाला काही माहीत नाही.” त्या भांडणाचं पुढं जे झालं ते झालं, पण त्यातून बेल्टचं उत्तर मिळणार नव्हतं.

दादा म्हणाला, “मीटरवर टी-बेल्टचा दिवा असतो. तो लागलेला नाही, मग कशाला डोकं खातीस?” त्याची स्विफ्ट डिझेल. त्या इंजिनाला चेन आहे, त्यामुळे त्याला या प्रश्नाशी कधी सामना करावा लागला नाही. पण दिव्याचं तो बोलला ते बऱ्याच जणांना वाटतं, म्हणून सांगते. तो दिवा बेल्टकडे बघत नाही. तो फक्त किलोमीटर मोजतो आणि ठरलेला आकडा आला की लागतो. बेल्ट बदलला की मेकॅनिक मीटरच्या बटणानं ती मोजणी पुन्हा शून्यावर नेतो. बेल्ट न बदलताही तेच बटण दाबता येतं. आणि जिथं मीटरलाच कुणी हात लावलाय, तिथं त्या दिव्यावर काय विश्वास ठेवायचा?

आप्पांना मात्र बेल्ट हा प्रकारच पटत नव्हता. “आमच्या गाड्यांना टायमिंग गिअर असायचं. लोखंडाला लोखंड. इंजिन खोललं तरच दिसायचं.” रबराच्या पट्ट्यावर इंजिन चालतं हे त्यांना विचित्रच वाटलं. पण एकदा समजलं की मग सगळ्यात जास्त मागे तेच लागले.

इनोव्हाच्या या इंजिनाला 16 व्हॉल्व्ह आहेत, म्हणजे हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा. पिस्टनला जोडलेला फिरता दांडा म्हणजे क्रँकशाफ्ट, व्हॉल्व्ह उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट. क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक, आणि हा मेळ टायमिंग बेल्ट राखतो. हायवेला निवांत चाललो असताना, 2,000 आरपीएमवर, प्रत्येक व्हॉल्व्ह मिनिटाला 1,000 वेळा उघडतो आणि मिटतो, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा. उघडलेला व्हॉल्व्ह जिथं खाली येतो, तीच जागा लगेच वर येणाऱ्या पिस्टनला लागते. बेल्ट तुटला की कॅम जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगानं फिरत राहिलेला क्रँक पिस्टन वर आणतच राहतो. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. बेल्ट तुटायच्या आधी आवाज येईलच असंही नाही. आणि हे घाटात झालं तर इंजिन बंद पडल्यावर स्टिअरिंग जड होतं, ब्रेक दोन-चार वेळा दाबला की तोही जड होतो. गाडीत सात माणसं आणि मागे गणपतीचं सामान. मला तिथंच पुढचा विचार करावा लागला नाही.

शिवाजी उद्यमनगरात आप्पांच्या ओळखीचे एक मिस्त्री आहेत. उद्यमनगर म्हणजे एका बाजूला फाउंड्री, दुसऱ्या बाजूला लेथ, मधे गॅरेज. त्यांच्याकडं गाडी नेली आणि मी विचारलं, “कव्हर उघडून बेल्ट नुसता बघता येईल का? चांगला असेल तर राहू दे.”

मिस्त्री काही बोलले नाहीत. टेबलाखालून ग्रीसचा जुना डबा काढला, त्यात हात घालून एक व्हॉल्व्ह काढला आणि माझ्या हातात दिला. दुसऱ्या कुठल्या तरी डिझेल गाडीचा, बेल्ट तुटून आलेल्या. मी उलटसुलट करून बघितला. मला तो सरळच वाटला. मग त्यांनी लेथवरून तासून आणलेली एक सपाट प्लेट पुढं ठेवली, व्हॉल्व्हची दांडी तिच्यावर आडवी ठेवली आणि बोटानं हळूच लोळवली. दांडी लोळत होती, पण टोकाची गोल टोपी वर-खाली, वर-खाली होत होती. लंगड्या माणसासारखी.

“एवढंच वाकलंय,” ते म्हणाले. “डोळ्याला दिसत न्हाई. पण एवढ्यानं हेड खोलायला लागतंय. आता मला सांगा, डोळ्यानं व्हॉल्व्ह कळला न्हाई, तर बेल्ट कसा कळंल?”

नंतर त्यांनी समजावलं. आजकालच्या बेल्टचं रबर चांगलं असतं, लवकर भेगा दाखवत नाही. भार पेलते ती आतली दोरी, आणि ती बाहेरून दिसत नाही. रबर तर नुसत्या वयानंही म्हातारं होतं. दहा वर्षांची गाडी, मीटर खोटं, बिल नाही. अशा गाडीचा बेल्ट कधी बदलला याचं उत्तर ‘आज’ एवढंच देता येतं, बाकी सगळा अंदाज.

मी हो म्हटलं. दादाला वाटलं नुसता बेल्ट घालून काम भागेल. मिस्त्री म्हणाले, नुसता बेल्ट घालायचा असेल तर दुसरीकडं जा. बेल्टसोबत टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा) आणि आयडलर (बेल्ट ज्यावरून फिरतो ते चाक) घालणार असाल तरच गाडी आत घ्या. खर्च वाढतो तो या दोघांमुळेच, म्हणून लोक तिथंच हात आखडतात. चेसिस नंबर देऊन तिन्ही पार्ट कंपनीच्याच काउंटरवरून मागवले. दोन दिवस थांबावं लागलं. मार्केटमध्ये त्याच दिवशी मिळत होते, थोडे स्वस्तही, पण ज्या पार्टसाठी इतिहास शोधत फिरले तोच पार्ट पुन्हा अंदाजानं घेणं मला पटलं नाही.

26 ऑगस्टला, शनिवारी, सकाळी नऊला काम सुरू झालं. गाडी आदल्या रात्रीच तिथं लावली होती, म्हणजे इंजिन थंड. आप्पा खुर्ची घेऊन बसले. मी उभी.

इनोव्हाच्या या इंजिनात बेल्टपर्यंत पोचणं इतर बऱ्याच गाड्यांच्या मानानं सोपं आहे. इंजिन खाली उतरवायचं नाही, माउंटिंग सोडवायचं नाही. बॅटरीची वायर काढली, पंख्याभोवतीचं कव्हर काढलं, पंखा काढला, वरच्या पाइपा बाजूला बांधल्या. मग टायमिंग कव्हर. त्याचे बोल्ट लांबीला सारखे नसतात. हेल्परचं काम करणाऱ्या पोरानं बिस्किटाच्या पुड्याचा पुठ्ठा घेतला, त्यावर पेनानं कव्हराचा आकार काढला, आणि प्रत्येक बोल्ट निघेल तसा पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवला. मोठ्या गॅरेजात सगळे बोल्ट एका ट्रेमध्ये पडलेले मी पाहिलेत. त्या पुठ्ठ्याकडे बघून मला पहिल्यांदा जरा स्वस्थ वाटलं.

कव्हर निघालं आणि मिस्त्री वाकले. मग मला बोलावलं. बेल्टवर नाव होतं, अर्धं पुसलेलं, पण गाडीच्या कंपनीचं नव्हतं. म्हणजे बेल्ट खरोखर कधीतरी बदलला होता. पहिल्या माणसानं मला खोटं सांगितलं नव्हतं. क्षणभर वाटलं, उगाच एवढा खर्च केला. आप्पांच्या तोंडावरही तेच दिसलं.

“हात लावू नका, नुसतं बघा,” मिस्त्री म्हणाले आणि टॉर्च कडेवर धरली. बेल्टची बाहेरची कड एका बाजूला फाटायला लागली होती. तिथं दोऱ्यांची बारीक लव बाहेर आली होती, जुन्या टॉवेलच्या काठासारखी. दुसरी कड साफ. दात मात्र सगळे शाबूत. बेल्ट एका बाजूला सरकून घासत चालला होता. का, ते अजून कळायचं होतं.

आता मार्क, म्हणजे पुलीवरच्या आणि कव्हरावरच्या जुळवायच्या खुणा. स्टार्टर मारून इंजिन फिरवायचं नाही, पाना घालून क्रँक हातानंच फिरवायचा, तोही घड्याळाच्या दिशेनं. कॉम्प्रेशनच्या जागी, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तिथं, पाना जड होतो, मग एकदम हलका, पुन्हा जड. खुणा समोरासमोर आल्यावर मिस्त्रींनी खिशातून व्हाइटनर काढला, शाळेतली पोरं वापरतात तसला, आणि पुलीवर, कव्हराच्या खाचेवर, जुन्या बेल्टवर पांढरे ठिपके दिले. टेन्शनरचे दोन बोल्ट. एक थोडा सैल, मग दुसरा थोडा, पुन्हा पहिला. एकदम एकच काढला तर टेन्शनर तिरका होऊन अडकतो. टेन्शनर हातात आला तशी बेल्टनं मान टाकली.

बेल्ट निघाल्यावर पोरगं सवयीनं पाना उचलून क्रँककडं गेलं. “थांब की रं!” मिस्त्री ओरडले. बेल्ट नसताना वरचं आणि खालचं एकमेकांना ओळखत नाही. तेव्हा हातानं फिरवलेला क्रँकसुद्धा व्हॉल्व्हला भिडू शकतो. पोराला त्यांनी शांतपणे समजावलं, पण त्या ओरडण्यात जी भीती होती ती मला अजून आठवते.

मग जुने पार्ट माझ्यापुढं आले. आयडलर म्हणजे गुळगुळीत चाक, आत बेअरिंग. मिस्त्रींनी माझ्या कानाजवळ धरून फिरवला. खरखर. नवा फिरवला, तो आवाज न करता जड-जड फिरला आणि थांबला, आतलं ग्रीस ताजं असल्यामुळे. जुना मात्र भिंगरीसारखा फिरतच राहिला आणि बोटानं हलवला तर किंचित डुलला. बेल्ट एका कडेला का सरकत होता ते तिथं कळलं.

टेन्शनर त्याहून वाईट होता. तो हायड्रॉलिक असतो, आत तेल, वर एक दांडी. ती दांडी बेल्टवर सतत जोर ठेवते. या दांडीच्या मुळाशी तेल गळून त्यावर धूळ बसून काळा चिकट थर झाला होता. मिस्त्रींनी तो पुसला, टेन्शनर दोन्ही हातांत धरला आणि दांडी भिंतीला लावून जोरानं दाबली. चांगली असेल तर माणसाच्या जोरानं ती हलत नाही. ही हळूहळू आत गेली. मग मला करायला लावलं. माझ्याही हातानं गेली. आप्पा उठून आले, त्यांनीही दाबली. गेली.

कुणीतरी बेल्ट घातला होता आणि पैसे वाचवायला बाकी दोन्ही जुनेच ठेवले होते. म्हाताऱ्या बेअरिंगनं नवा बेल्ट खाल्ला. दाताला दात नीट बसत होता तो टेन्शनरच्या उरल्यासुरल्या जोरावर. तो जोर आणखी कमी झाला असता तर बेल्ट तुटायचीही गरज नव्हती, नुसता दात सुटून त्यानं उडी मारली असती तरी तेच झालं असतं. एवढं सगळं ‘बदललाय’ या एका शब्दात दडलं होतं. म्हणून आता कुणी जुनी गाडी घेताना मला विचारलं तर मी सांगते, बेल्ट बदललाय का असं विचारू नका, बिलावर काय काय लिहिलंय ते दाखवा म्हणा.

कॅमच्या ऑइल सीलवर बोट फिरवून बघितलं, कोरडं होतं. बरं वाटलं, कारण तेल लागलेला बेल्ट लवकर फुगतो आणि जातो. पुली पुसल्या. नवा आयडलर बसला. नवा टेन्शनर दांडी दाबलेल्या अवस्थेत, पिन घालूनच येतो. पिन शेवटी काढायची. बेल्ट बॉक्समधून काढताना मिस्त्रींनी तो दुमडू दिला नाही. पोरानं दोन्ही हातांत हार धरावा तसा धरला होता.

बेल्ट चढला, टेन्शनरचे बोल्ट पुन्हा आळीपाळीनं, शेवटी टॉर्कच्या पान्यानं. पक्कड घेऊन पिन ओढली. टक् असा आवाज आला आणि बेल्ट ताणला. मिस्त्रींनी क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवला. दोनच का, तर तेव्हा कॅमचा एक फेरा पुरा होऊन सगळ्या खुणा परत पहिल्या जागी यायला हव्यात.

आल्या नाहीत. कॅमच्या पुलीवरचा ठिपका खाचेच्या जरासा अलीकडं थांबला होता. मला वाटलं एवढा फरक चालत असेल. मिस्त्रींनी कापडाला हात पुसले. “एक दात सरकलाय.” बेल्ट चढवताना ढिलाई सगळी टेन्शनरच्या बाजूला राहायला हवी, दुसरी बाजू ताठ. पिन निघताना ती थोडी तिकडं राहून गेली होती. त्यांनी कारण सांगितलं नाही की सबब सांगितली नाही, सरळ टेन्शनर पुन्हा खोलला.

यातच दीड तास गेला. सुटलेली दांडी आत घालायला टेन्शनर व्हाइसमध्ये धरावा लागतो आणि हँडल अगदी सावकाश फिरवावं लागतं. घाईनं दाबलं तर आतला सील जातो आणि नवा कोरा पार्ट तिथंच भंगार. मिस्त्री हँडल पाव फेरा फिरवायचे, थांबायचे, पुन्हा पाव फेरा. बाजूच्या लेथचा आवाज चालू होता. गॅरेजात आम्ही कुणी बोलत नव्हतो. दांडीवरचं भोक आणि बाहेरचं भोक एका रेषेत आलं तेव्हा त्यांनी सव्वा मिलिमीटरचा बारीक ॲलन की आरपार घातला आणि श्वास सोडला.

पुन्हा बेल्ट, पुन्हा बोल्ट, पुन्हा पक्कड. दोन फेरे. ठिपका खाचेसमोर येऊन उभा राहिला. त्यांनी आणखी दोन फेरे दिले. पुन्हा तिथंच. मग मला पाना दिला आणि म्हणाले, “आता तुम्ही फिरवा ताई. तुमची गाडी हाय.” मी फिरवला. कॉम्प्रेशनला पाना हाताला जड लागतो, पण कुठंही लोखंडाला लोखंड अडल्यासारखं कठीण वाटत नाही. ते कठीण लागलं तर जागीच थांबायचं असतं. ठिपका माझ्या डोळ्यांसमोर सरकत सरकत खाचेत आला.

दुपारी दोनला स्टार्टर मारला. एका झटक्यात सुरू झाली. आप्पांनी बॉनेटवर हात ठेवला, कान लावला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. मग नुसती मान हलवली.

कव्हर बसवायच्या आधी मिस्त्रींनी माझ्याकडे पेंट मार्कर दिला. कव्हरावर मी लिहिलं: बेल्ट, टेन्शनर, आयडलर, 26/8/2023, मीटर 96,871. मग मीटरचं बटण दाबून टी-बेल्टची मोजणी शून्यावर नेली. पार्ट आणि मजुरी मिळून 14,000 च्या आत काम झालं. जुने तिन्ही पार्ट मी पिशवीत घालून घरी आणले.

17 सप्टेंबरला आम्ही एकाच गाडीनं निघालो. अणुस्कुरा घाटात धुकं होतं, दुसऱ्या गिअरमध्ये उतरत होतो. आजी मधल्या सीटवर झोपली होती. आप्पा पुढं बसले होते आणि त्यांनी खिडकी थोडी उघडी ठेवली होती, इंजिन ऐकायला.

गाडीच्या कागदांची मी आता एक फाइल केली आहे. वर बिल, त्याखाली उघड्या कव्हराचे फोटो, फाटलेल्या कडेचा एक फोटो वेगळा. पहिल्या पानावर मी लिहिलंय: या गाडीचे खरे किलोमीटर माहीत नाहीत. 2019 ला ती 1,43,000 होती, तेव्हा मीटरवर दिसेल त्यात किमान 47,000 मिळवून वाचा. बेल्ट मात्र 26 ऑगस्ट 2023 पासूनचा आहे, टेन्शनर आणि आयडलरसकट. पुढं कधी गाडी विकली तर ती फाइल चावीसोबत जाईल.